बेळगावचा समुद्र

(शहापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या थंडीत स्वेटर-मफलर चढवून आलेले श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय फलकावर लागला तेव्हा संयोजकांना कुणीतरी विचारलं म्हणे, ‘बेळगावात समुद्रावर व्याख्यान? इथं कुठं आलाय समुद्र?’ प्रश्न रास्त आहे. समुद्रसपाटीपासून आपण साडेसातशे मीटर उंचावर बसलोय. खरं एखाद्या रविवारी पहाटे चोर्ल्याच्या रस्त्याला उभं राहून बघा. केए बावीसच्या, म्हणजे आपल्या बेळगाव पासिंगच्या, गाड्या एकामागोमाग एक खाली निघालेल्या असतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, आणि पुढं ज्याचा जसा बेत तसा कुणी मिरामारला, कुणी हरमलला, कुणी केरीला. निपाणी-चिकोडीकडची मंडळी आंबोलीवरनं सावंतवाडी गाठतात, मग वेंगुर्ला नाहीतर शिरोडा. लोंढ्याकडची अनमोड घाट उतरतात. कॉलेजची सहल असो, नवं लग्न असो, पुण्याचे पाहुणे आलेले असोत, आपल्याला पहिल्यांदा समुद्रच सुचतो. मुंबईकराला तो रोज दिसतो, म्हणून तो त्याच्याकडं बघायचा थांबलेला असतो. आपण पोटात ढवळेपर्यंत वळणं घेत त्याला बघायला जातो. त्यामुळं समुद्राविषयी बोलायचा आपल्याला हक्क आहे असं मी धरून चालतो. जबाबदारीचं काय, ते जरा थांबून बोलू.

आधी मला स्वच्छ किनाऱ्याविषयी बोलू द्या, कारण प्रदूषणाच्या भाषणांत तेच राहून जातं. लोकांना स्वच्छ किनारा म्हणजे सारवलेल्या अंगणासारखा वाटतो, एक काडी नाही, एक पान नाही. तसा किनारा मुळात निरोगी नसतो. भरती ओसरताना वाळूवर एक वेडीवाकडी रेघ सोडून जाते, ती भरतीरेषा. तिच्यात शेवाळ असतं, शिंपले असतात, सुरूच्या काटक्या असतात, माकुळाच्या पाठीतली ती पांढरी हलकी वडी असते. आपले वैद्य तिला समुद्रफेस म्हणतात आणि जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात ती अजून मिळते. या ओलसर शेवाळाखाली बारके उड्या मारणारे जीव राहतात. ते कुजका पाला खातात. त्यांना खायला हिवाळ्यात उत्तरेकडनं आलेले तुतवार आणि चिखल्या लाटेच्या पुढं-मागं धावत असतात. ती रेघ यंत्रानं खरवडून काढली की फोटो छान येतो, पण पाखरांचं जेवण जातं. म्हणजे किनारा झाडायचा नाही, त्यातून फक्त आपलं तेवढं उचलायचं. हा फरक कळायला भरतीरेषेजवळ पाच मिनिटं उकिडवं बसावं लागतं, आणि आपण तर गाडीतून उतरलो की थेट पाण्याकडं धावतो.

उकिडवं बसलातच तर आणखी एक गोष्ट दिसेल. ओहोटी लागल्यावर जी सपाट, ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर मोहरीएवढ्या, फार तर वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या असतात. मधे एक बारीक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या या गोळ्यांच्या ओळी. मुलांना वाटतं कुणीतरी रांगोळी काढली. ते काम आहे नखाएवढ्या खेकड्याचं. हा खेकडा वाळू नांगीनं तोंडाशी नेतो. वाळूच्या प्रत्येक कणावर सूक्ष्म शेवाळाचा आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा एक पातळ थर असतो, तेवढा तो चाटून-पुसून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो. तीच वाळू पुन्हा तोंडात जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. भोकापासून बाहेर जातो, गोळ्या टाकत जातो, सावली पडली की तीरासारखा आत. पाणी चढेपर्यंत बिळाभोवतालची सगळी वाळू त्यानं अशी चाळून काढलेली असते, मग भरती येते आणि सगळं पुसून टाकते. पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून. पगार नाही, रजा नाही. किनाऱ्याची वाळू स्वच्छ दिसते ती नगरपालिकेमुळं कमी आणि अशा जीवांमुळं जास्त.

आता ज्या वाळूच्या कणाला तो चाटतो, त्याच आकाराचे प्लास्टिकचे कणही आज त्या वाळूत असतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणायची रीत पडली आहे. खेकड्याला वाळू आणि प्लास्टिक यातला फरक सांगणार कोण?

कासवांचं तुम्हाला माहीत असतं, वर्तमानपत्रात येतं, म्हणून थोडक्यात सांगतो. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग, वेंगुर्ल्याजवळ वायंगणी, इथं ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री वर येतात, खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि निघून जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि जिकडं क्षितिज उजळ तिकडं सरपटायला लागतात. निसर्गात ती बाजू समुद्राची. हॉटेलचे दिवे मागं असले की ती उलटी रस्त्याकडं जातात. आणि मोठं झालेलं कासव पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून गिळतं, हेही तुम्ही वाचलेलं असणार.

बरं, ही घाण येते कुठनं? सगळ्यात आधी संशय जहाजांवर जातो, आणि तो खोटा नाही. मे-जूनमध्ये गोव्याला गेलेल्यांच्या पायाला काळे चिकट गोळे लागले असतील. रॉकेलनं पुसावे लागतात. ते डांबरगोळे. जहाजांतलं टाकाऊ तेल, टाक्या धुतलेलं पाणी, कधी गळती, हे लाटांनी घुसळून घट्ट होतं आणि नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की किनाऱ्याला लागतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं त्याचा बराच अभ्यास केलेला आहे. कांदोळीला जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं खनिजवाहू जहाज वादळात रुतलं, ते काढायला २०१२ उजाडलं. एका पिढीनं त्या गंजक्या सांगाड्यासमोर फोटो काढून घेतले. कोलंबोजवळ २०२१ मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ जळालं आणि प्लास्टिकच्या कच्च्या मालाचे साबुदाण्याएवढे दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर टनावारी वाहून आले. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हा केरळच्या वाळूत तसेच दाणे. जहाजानं समुद्रात प्लास्टिक टाकू नये असा आंतरराष्ट्रीय नियम १९८८ च्या डिसेंबरअखेर लागू झाला आहे, आणि तरी हे घडतं. यात तुमच्या-माझ्या हातात फारसं काही नाही, म्हणून मी तिथं रेंगाळत नाही.

पण समुद्रातल्या प्लास्टिकचा मोठा वाटा जमिनीवरनं जातो. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं जगाचा हिशेब मांडला. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरनं समुद्रात गेलं, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा गाजला, अजून भाषणांत फिरतो. त्यातली एक बारीक अट मात्र कुणी सांगत नाही. त्यांनी धरली होती ती किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांची घाण. नकाशावर बेळगावपासून समुद्रापर्यंत सरळ रेघ मारा, ८० किलोमीटरच्या पुढं जाते. म्हणजे त्या हिशेबात आपण नव्हतोच! निर्दोष सुटलो.

ही सुटका फार दिवस टिकली नाही. २०२१ मध्ये दुसरा अभ्यास आला, नद्यांचा. नद्यांमार्फत समुद्रात पडणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक हजाराहून अधिक नद्या मिळून आणतात, असं त्यात निघालं. त्याआधी सगळे गंगा, यांगत्से अशा दहा-वीस महानद्यांकडं बोट दाखवत होते. आता दिसलं की शहरातनं वाहणाऱ्या छोट्या नद्या, ओढे, नाले हे खरे वाटेकरी. शहराचं गटार ज्याला मिळतं आणि पाऊस ज्याला धुऊन नेतो, ते पाणी कितीही किरकोळ दिसो.

आता तुम्हीच सांगा, शहापूर-वडगावच्या माणसाला असा नाला कुठला आठवतो?

(श्रोत्यांतून: बळ्ळारी नाला.)

होय. त्याचं नाव घेतलं की आपल्याला शेतकरी आठवतो, कारण दर पावसाळ्यात नाला फुगतो आणि वडगाव-शहापूरच्या शिवारातलं भात पाण्याखाली जातं. पाणी उतरलं की बांधावर काय अडकलेलं असतं ते शेतकऱ्याला विचारा. बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, चपला, पुड्या. बासमतीच्या वासासाठी नाव असलेलं शिवार हे. पण मी आज तुम्हाला तिथं थांबवणार नाही, पाण्याबरोबर पुढं नेणार आहे.

राकसकोपचा जलाशय मार्कंडेय नदीवर आहे. १९६२ पासून शहर तिथलं पाणी पितंय, पुढं हिडकलचंही आलं. आणि शहराचं वापरलेलं पाणी घेऊन बळ्ळारी नाला जातो कुठं? त्याच मार्कंडेय नदीत. वरच्या अंगाला आपण नदीतनं पाणी घेतो आणि खालच्या अंगाला हे असं परत करतो. मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. घटप्रभा अलमट्टीच्या फुगवट्यात कृष्णेला. पुढं नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बराज, आणि शेवटी आंध्रात हंसलदीवी नावाच्या गावाशी कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. हजारएक किलोमीटरचा प्रवास. तिथल्या वाळूतही ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

हे झालं पूर्वेचं. खानापूर तालुक्याचं नशीब तर दुहेरी आहे. कणकुंबीच्या माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघून कुडलसंगमला कृष्णेला मिळते. तिथनंच काही कोसांच्या आत पडलेला पाऊस कळसा नाल्यानं आणि भीमगडच्या रानातल्या ओढ्यांनी म्हादईत जातो, म्हादईची पुढं मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्र गाठते. एकाच सरीचं अर्धं पाणी एका समुद्राला, अर्धं दुसऱ्याला. आणि मिरामार कुठं आहे? मांडवीच्या मुखाशी. जुलै-ऑगस्टमध्ये मिरामारच्या वाळूवर बांबू, पोफळीची झापं, रानातली लाकडं येऊन पडतात ती समुद्रात उगवलेली नव्हेत. चोर्ल्याला चहा पिऊन जो कागदी कप आपण दरीत भिरकावतो, त्यालाही मिरामारची वाट ठाऊक आहे. त्याच्या आत प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यामुळं ‘कागदाचाच आहे की’ म्हणून सुटका नाही.

म्हादईच्या पाण्यावरनं तीन राज्यं किती वर्षं भांडली, तुम्हाला सांगायला नको. लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. त्या वादात मला पडायचं नाही, इथं सगळ्या मतांची माणसं बसली आहेत आणि मला घरी जायचं आहे. फक्त एवढंच मनात येतं की पाणी किती, यावर एवढी वकिली झाली, पण पाण्यात काय, यावर कुठल्याच राज्यानं कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

आता नाल्यात पडतं काय, ते नीट बघू. मी कचऱ्याच्या ढिगाकडं भंगारवाल्याच्या नजरेनं बघायला शिकलो, आणि मग सगळं उलगडलं. पाण्याची बाटली गोळा होते, तिला भाव आहे. दुधाची पिशवी धुऊन ठेवली तर किलोवर जाते. पुठ्ठा, पत्रा, रद्दी, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. मग उरतं काय? कुरकुऱ्यांचं पाकीट, गुटख्याची पुडी, शाम्पूचं दोन रुपयांचं पाऊच, बिस्किटांचं वेष्टन. आत चकचकीत, बाहेर रंगीत, दोन-तीन पदर एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे करता येत नाहीत, म्हणून भाव शून्य. भंगारवाला त्याला हात लावत नाही, भिकारी लावत नाही, गायसुद्धा हुंगून सोडते. ज्याला भाव नाही तेच पावसात वाहतं. किनाऱ्यावर जाऊन बघा, तिथं हेच सापडेल, आणि बाटल्यांची झाकणं. झाकणं का? बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड, झाकणाचं हलकं. उघडी बाटली पाणी भरून तळाला जाते, झाकण तरंगत राहतं आणि किनाऱ्याला लागतं. म्हणजे वाळूवर जेवढं दिसतं तेवढंच समुद्रात आहे, असं समजू नका. जड ते खाली बसलेलं असतं.

इथं बसलेल्या भगिनींना एक विचारतो. सकाळी दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून टाकता, की थोडा जोडलेला ठेवता? हसू नका. तो सुटा झालेला त्रिकोणी तुकडा ओट्यावर पडतो, भांडी घासताना पाण्याबरोबर मोरीत जातो, मोरीतनं गटारात. पिशवी भंगारात गेली, तुकडा मात्र नाल्याला लागला. बेळगावात रोज सकाळी किती घरांत दूध तापतं ते तुमचं तुम्ही मोजा. कात्री अर्धीच चालवायची, कोपरा पिशवीला लटकत ठेवायचा. याला ना खर्च, ना आंदोलन, ना महापालिकेचा ठराव.

सिगारेटचं थोटूक हाही असाच प्रकार. जगभर किनाऱ्यांवर गोळा केलेल्या वस्तूंच्या यादीत वर्षानुवर्षं थोटकं पहिल्या नंबरवर होती. लोकांना वाटतं फिल्टर कापसाचा असतो. तो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांचा. त्या मानानं आपल्या निपाणीची बिडी बरी, तेंदूचं पान आणि सुताचा दोरा. मी बिडीचं समर्थन केलं असं कृपया उद्याच्या पेपरात येऊ देऊ नका, वार्ताहर मंडळी पुढच्या रांगेत बसलेली दिसतायत.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ चा पूर इथं प्रत्येकाला आठवतो. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, सगळ्या एकदम. पाणी उतरल्यावर चिकोडी-रायबागकडं नदीकाठच्या बाभळी बघितलेल्यांना आठवत असेल, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर फांद्यांना पिशव्यांची लक्तरं लटकत होती. पूर कुठवर चढला होता त्याची खूणच ती. जे बाभळीला अडकलं ते आपल्याला दिसलं. जे अडकलं नाही ते पुढं गेलं.

रासायनिक खतांचंही बोलायला हवं, कारण आपला सगळा उसाचा पट्टा कृष्णेच्या खोऱ्यात आहे आणि उसाला युरिया घालताना आपला हात सैल सुटतो. पिकानं न घेतलेलं नत्र पाण्याबरोबर जातं, समुद्रात शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत दर पावसाळ्याअखेर प्राणवायू घटलेल्या पाण्याचा मोठा पट्टा तयार होतो. तो मुळात निसर्गतः होतो, पण त्या बाजूला वाहून जाणारी खतं त्यात भर घालतात. आपल्या कृष्णेतलं नत्र मात्र पूर्वेला, बंगालच्या उपसागरात जातं. यावर वेगळं व्याख्यान लागेल, आणि ते ऊस उत्पादकांसमोर द्यायला माझ्यापेक्षा धीट माणूस लागेल.

आपण तिथं जाऊन काय करतो तेही बोललं पाहिजे. डिकीत गॅसची शेगडी, पातेलं, मसाला लावलेली कोंबडी, पत्रावळ्या, प्लास्टिकचे ग्लास, आणि पुरुषमंडळींचं जे काय असतं ते. किनाऱ्यावर चूल मांडायची, जेवायचं, आणि उठताना वाळूत खड्डा करून सगळं पुरायचं. पुरलं म्हणजे स्वच्छ केलं अशी आपली समजूत. पुढच्या उधाणाच्या भरतीला तो खड्डा उघडा पडतो. बाटल्या फुटतात, काचा अनवाणी पोरांच्या पायात जातात. गोव्यानं कंटाळून २०१९ मध्ये कायदा बदलला. पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं गुन्हा, तेव्हा दंड ठेवला माणशी २ हजार आणि टोळक्याला १० हजार. त्यावर आपल्याकडं ‘गोवेकर माजले’ अशी चर्चा झाली. राकसकोपच्या काठावर परगावच्या माणसांनी येऊन हेच केलं असतं तर आपण त्यांना काय म्हटलं असतं?

बंदीचं म्हणाल तर सीमाभागाइतका बंदीचा अनुभव कुणालाच नाही. कर्नाटकानं मार्च २०१६ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्रानं २०१८ मध्ये, आणि केंद्रानं १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर. तरी संध्याकाळी गणपत गल्लीत कोथिंबीर घ्या, कशात मिळते ते बघा. मी भाजीवालीला दोष देत नाही. पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारणीकडं जातं, हे ती मला सांगते आणि तिचं खरं आहे.

किनारा स्वच्छतेच्या मोहिमा होतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ करतात, ती प्रथा १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्ससमध्ये सुरू झाली. मुंबईत वर्सोव्याला अफरोज शाह या वकिलानं ऑक्टोबर २०१५ मध्ये काम सुरू केलं. हातमोजे घालून कचरा उचलायला लागला, माणसं जोडली गेली, २०१८ मध्ये त्याच वाळूत कासवाची पिल्लं निघाली. संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. मला त्यांच्या कामातली पुढची पायरी जास्त महत्त्वाची वाटते. ते मग मिठी नदीच्या काठावर गेले. वाळू साफ केली तरी दर भरती नवा माल आणते, तर जिथनं माल निघतो तिथं जायला हवं, एवढा साधा हिशेब. आपल्याच राज्यात होन्नावरजवळचा कासरकोड आणि उडुपी जिल्ह्यातला पडुबिद्री या किनाऱ्यांना २०२० मध्ये ब्लू फ्लॅग मिळाला. तेहतीस निकष लावून देतात ते मानांकन, पाणी तपासतात, दिव्यांगांसाठी सोय बघतात. कासरकोडला जरूर जा, बघण्यासारखा आहे. पण मानांकन झेंड्याच्या हद्दीपुरतं, आणि भरती हद्द मानत नाही.

म्हणून माझी संयोजकांना आणि इथल्या तरुण मंडळांना एकच मागणी आहे. सप्टेंबरमध्ये मिरामारला बस नेऊन फोटो काढण्यापेक्षा मे महिन्यात, वळीव पडायच्या आत, बळ्ळारी नाल्यावर या. जूनचा पहिला मोठा पाऊस वर्षभराचं साठलेलं एका रात्रीत घेऊन जातो, सप्टेंबरला आपण वराती मागून घोडं नेतो. गटार जिथं नाल्याला मिळतं तिथं जाळी बसवायला सांगा, आणि जाळीमागचा कचरा आठवड्याला कोण काढणार तेही त्याच बैठकीत ठरवा. नाहीतर जाळी तुंबते, पाणी रस्त्यावर येतं आणि रात्री कुणीतरी ती कापून नेतं. गणेशोत्सव मंडळांनी थर्माकोलचा मखर सोडला तर आणखी चांगलं. थर्माकोलचे मणी पाण्यात सुटे झाले की ते पुन्हा गोळा करणं माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे.

वेळ झाली आहे, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. प्रश्न आलेत त्यातले दोन घेतो.

पहिली चिठ्ठी: ‘मधे एवढी धरणं आहेत, मग आपला कचरा समुद्रापर्यंत जाणार कसा?’ चांगला प्रश्न आहे. सगळा जात नाही. बराचसा धरणांच्या फुगवट्यात गाळाबरोबर बसतो. पण तिथं तो नष्ट होत नाही, उन्हानं आणि घासून बारीक होत जातो, आणि ज्या वर्षी दारं उघडतात त्या वर्षी बारीक झालेला पुढं सरकतो. धरणं आणखी एक गोष्ट अडवतात, ती म्हणजे वाळू आणि गाळ. त्यामुळं कृष्णेच्या मुखाशी त्रिभुज प्रदेशाची जमीन खचत चालली आहे. म्हणजे जे पोचायला पाहिजे ते पोचत नाही आणि हे मात्र हळूहळू पोचतं.

दुसरा प्रश्न मागं बसलेल्या मावशींचा आहे, ‘मग आता मासे खायचे की नाही?’ माशांत सापडणारे प्लास्टिकचे कण मुख्यतः पोटात आणि आतड्यात असतात. बांगडा, सुरमई आपण साफ करून खातो, तो भाग टाकूनच देतो. बारीक सुकट आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मात्र अख्ख्या पोटात जातात, तिसऱ्या तर पाणी गाळूनच जगतात. मिठातही कण सापडतात. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आपल्याकडच्या मिठात ते दाखवून दिले, आणि समुद्राचं पाणी मिठागरात घेण्याआधी साध्या वाळूतनं गाळलं तर वजनानं ८५ टक्के कण निघून जातात हेही सांगितलं. तिसऱ्या आणल्या की शिजवण्याआधी खाऱ्या पाण्यात काही तास ठेवायची रीत आपल्या घरांत आहे, पोटातली रेती सोडावी म्हणून. ती मोडू नका. रेतीबरोबर थोडे कणही बाहेर टाकतात त्या, सगळे नाही. एवढं करून मी खातो, मावशी. परवाच खाल्ल्यात.